पिल्लाच्या वाट्या

कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं माझ्या धाकट्या भावानं, बोलणी मात्र मी खाल्ली. मोठी होते ना. आम्ही तेव्हा धुळ्यात सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. वडलांना आम्ही भाऊ म्हणायचो आणि हे भाऊ नोकरीपायी महिन्यातले पंधरा दिवस चोपड्याकडे दौऱ्यावर असायचे. त्यामुळे घरात कोण राहील आणि कोण नाही, हे आईच ठरवायची.

आई स्वच्छतेची भारी पक्की. चमचा खाली पडला तरी उकळत्या पाण्यातून काढायची. पिल्लाकडे तिनं वर-खाली बघून घेतलं आणि म्हणाली, "राहू दे. पण त्याचं भांडं वेगळं. ते भांडं घरात येणार नाही." एवढ्यावर सुटलो म्हणून आम्ही खूश.

मग भांडं शोधायला निघालो. आधी नारळाची करवंटी दिली. पिल्लानं आधी भाकरी खाल्ली आणि मग करवंटी खायला घेतली. नंतर फुटलेल्या माठाचं बूड आणलं. त्यात पाणी छान गार राहायचं, पण साहेब ते प्यायच्या ऐवजी त्यात जाऊन बसायचे. मे महिन्यात, धुळ्याच्या उन्हात, त्याचं तरी काय चुकलं म्हणा. मग डालड्याचा रिकामा डबा ठेवला, तर त्यात त्याचं डोकंच अडकलं. डब्यासकट तो अख्ख्या कॉलनीभर धावला आणि आमची व्हायची ती शोभा झाली. शेवटी एक जर्मनचं पातेलं दिलं. ते इतकं हलकं की चाटता चाटता तो ते ढकलत थेट शेजारच्यांच्या दारापर्यंत न्यायचा. शिवाय दुपारी त्यातलं पाणी इतकं तापायचं की पिल्लू जीभ लावून लांब पळायचं.

आमची ही फजिती बघून आईलाच दया आली. तिनं कपाटातून कान तुटलेला एक चिनी मातीचा कप काढून दिला. मोठा, जाड बुडाचा. कलंडत नव्हता, तापत नव्हता, आणि पिल्लाचं तोंड त्यात बरोबर मावायचं. त्याचं पिऊन झालं की मी तो बाहेरच्या नळाखाली विसळायची आणि दाराशेजारच्या कट्ट्यावर उपडा घालायची. चार दिवस सगळं सुरळीत चाललं.

पाचव्या दिवशी दुपारी भाऊ दौऱ्यावरून आले. हातातली पिशवीही खाली न ठेवता कट्ट्यासमोर थांबले.

"हा कप इथं कुणी ठेवला?"

"आईनं दिलाय," मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. "तो आपला नाहीये भाऊ, तो बाहेरचा आहे."

भाऊंनी कप उचलला आणि कुंपणाच्या भिंतीवर फेकून मारला. आमच्या भाऊंनी! जे आम्हाला रागवायचं झालं तरी आधी चष्मा पुसायचे. पिल्लू खाटेखाली पळालं. आई बाहेर आली ती तणतणतच, "डोकं फिरलं का तुमचं? चांगला कप होता."

भाऊ बुटासकट पायरीवर बसले. मग हळूहळू बोलायला लागले.

"आमच्या गावी हॉटेलाच्या मागच्या भिंतीवर असाच एक कप उपडा असायचा. कान तुटका. आमच्या वस्तीतला कुणी चहाला गेला की त्यानं तो उचलायचा, त्यात वरून चहा ओतून घ्यायचा, पिऊन झाला की स्वतः विसळायचा आणि परत उपडा घालायचा. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशीसुद्धा मी त्याच कपातून चहा प्यालो. आमचे मास्तर पुढं बाकावर बसून कपबशीतून पीत होते." मग म्हणाले, "माझ्या दारात तो कप मला नको."

आई भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि लग्नाला बारा वर्षं झाली तरी भाऊंनी कधी सांगितलं नव्हतं. ती खाली बसून एकेक तुकडा वेचू लागली. 'तो आपला नाहीये' हे माझं वाक्य मला परत घ्यावंसं वाटत होतं, पण ते कसं घ्यायचं ते कळत नव्हतं. मी खूप वेळ रडले.

संध्याकाळी भाऊच म्हणाले, "चला, पिल्लाला वाट्या घेऊन येऊ."

आग्रा रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात भाऊंनी जो घोळ घातला, तो मुलीच्या लग्नातही कुणी घातला नसता. प्रत्येक वाटी फरशीवर ठेवून काठावर बोट दाबून बघायची, उलटते का ते. एक तर चक्क तोंडाशी नेऊन नाक आत जातं का तेही बघितलं. दुकानदारानं विचारलं, "आहेरनी शे का?" मी म्हटलं, आहेराची नाही, कुत्र्यासाठी. त्यानं लगेच पातळ पत्र्याच्या वाट्यांचा ढीग पुढे केला. भाऊंनी तो बाजूला सारला आणि जड, पसरट अशा दोन स्टीलच्या वाट्या निवडल्या. एक खाण्याची, एक पाण्याची.

भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. दुकानदारानं मशीन हातात घेतलं आणि हसत म्हणाला, "कुत्रानं काय नाव शे, भाऊ?"

"घरना बठ्ठा भांडासवर शे तेच टाका," भाऊ म्हणाले आणि घरच्या सगळ्या भांड्यांवर असतं ते स्वतःचं पूर्ण नाव त्यांनी सांगितलं, आडनावासकट. दुकानदाराचं हसू थांबलं. मशीन कर्रकर्र करत दोन्ही वाट्यांवर फिरलं.

घरी आल्यावर आईनं वाटी दिव्याजवळ नेऊन वाचली. "कुत्र्याच्या वाटीवर तुमचं नाव?"

"त्या कपावर कुणाचंच नव्हतं," भाऊ म्हणाले. "गरजच नव्हती. तो कुणाचा, हे सगळ्या गावाला पाठ होतं."

आईनं पिल्लाला दूधभाकरी घातली. त्याचं खाऊन झाल्यावर दोन्ही वाट्या राखेनं घासल्या, गरम पाण्यातून काढल्या, फडक्यानं कोरड्या केल्या आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीत, आमच्या वाट्यांच्या शेजारी लावून ठेवल्या.