रेघ मार

तुकाराम मेस्त्रींनी मला बस म्हटलं नाही, गाडीला काय झालंय तेही विचारलं नाही. मी मोटरसायकल त्यांच्या शेडसमोर उभी केली, काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात खडूचा तुकडा ठेवला आणि शेडच्या काळ्या रंगवलेल्या पत्र्याकडे बोट दाखवलं.

"रेघ मार."

"कसली रेघ?"

"सरळ. ह्या टोकासून त्या टोकापर्यंत. बेगीन मार, हात थंड होतलो."

मी मारली. हातभर लांबीच्या त्या रेघेला एवढ्या लाटा होत्या की माझी मलाच लाज वाटली. मेस्त्रींनी चष्मा वर सरकवून ती रेघ वाचली. हो, वाचलीच. मग म्हणाले, "मुंग्या कोपरापर्यंत येतत. उजव्या हातात जास्त." गाडीकडे त्यांनी अजून बघितलंही नव्हतं. मी चाट पडलो. हा माणूस पुढचा महिनाभर माझं डोकं फिरवणार आहे याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सांताक्रूझ पूर्वेला राहायचो आणि मुलुंडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो, अजून कच्चा. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायची, हे काम. आणि नेमकी त्याच वर्षी मी साडेतीनशे सीसीची सेकंडहँड मोटरसायकल घेतली होती. साकीनाका, पवई करत मुलुंडला पोचेपर्यंत हँडल असं थरथरायचं की पहिला तासभर पेन हातात ठरायचं नाही. साहेबांनी दोन ट्रेसिंग फाडली. तिसऱ्या वेळी ते माझ्या टेबलाशी वाकले आणि त्यांनी चक्क माझा वास घेतला. "सकाळी सकाळी घेऊन येता का?" असं त्यांनी विचारलं, आणि महिनाअखेरपर्यंत हात स्थिर झाला नाही तर स्टोअरमध्ये बसवीन, तिथे फक्त गोण्या मोजायच्या असतात, असंही सांगितलं. घरचे म्हणाले, बसने जा. पण नवी नवी गाडी घेतलेला माणूस बसच्या रांगेत उभा राहत नाही. मी तर नाहीच.

शिवाय मला रुबाबही हवा होता. त्या काळी बारीक, खाली झुकलेलं, चकाकतं हँडल लावायची टूम होती. मासिकातून कापलेला एक फोटो मी मेस्त्रींना दाखवला. त्यांनी तो निरखून पाहिला आणि त्याला हाताचं ग्रीस पुसलं.

"तुका हेंडल होया की हात होयो?"

"दोन्ही."

"मग शोभा मागसून बघूया."

वाकोल्याला पाइपलाइनच्या कडेला त्यांची ती शेड होती. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात पाइप वाकवण्यात गेली, आणि गिरणी सुटल्यावर त्यांनी मोटरसायकलींची हँडलं तेवढी करायला घेतली. इंजिनाला हात लावायचे नाहीत. मेस्त्री हे त्यांचं आडनाव आहे, हुद्दा नव्हे, हे नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. कुणी "अहो मिस्त्री" अशी हाक मारली की ते काम खाली ठेवायचे. "माझा आडनाव ता. धंदो न्हय." मग पुन्हा काम हातात घ्यायला त्यांना अर्धा तास लागायचा, आणि तो अर्धा तास मागे उभ्या असलेल्या माझ्यासारख्याचा जायचा.

पहिला आठवडा ते फक्त रेघा मारून घेत होते. आरे कॉलनीतल्या खडबडीत रस्त्याने एक चक्कर मारून यायची, गाडी बंद करायची, रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक रेघेखाली ते तारीख घालायचे. त्या पत्र्यावर साऱ्या वाकोल्याचे हात होते: दूधवाल्याची रेघ, एका कंपाउंडरची, मासळीच्या पाट्या गाडीवरून नेणाऱ्या एका कोळीबाबाची. गाडी बघायची सोडून हा माणूस भिंत काय बघतो, असं मी चिडून विचारलं तर म्हणाले, "गाडी खोटा बोलता. हात बोलूक शकत नाय."

एका रविवारी त्यांनी मला आरे कॉलनीत गाडी काढायला लावली, म्हणजे चालवायची मी आणि मागे हे. मला वाटलं रस्ता बघायचा असेल. त्यांनी मला गोठ्यासमोर उभं केलं. पाऊण तास आम्ही म्हशी बघितल्या. अखेर एका म्हशीकडे त्यांनी बोट दाखवलं. तिची शिंगं बाहेर जाऊन अलगद मागे वळली होती.

"ह्या बघ. कपाळावर वजन नाय, मानेक ताण नाय. आणि दिसता कशी?"

"मेस्त्री, मला म्हशीची शिंगं लावून ऑफिसात जायचं नाही."

"जातलंस," ते म्हणाले, आणि गाडीवर मागे जाऊन बसले.

खरा छळ पुढे होता. हँडलचा पाइप वाकवताना तो चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरतात. मेस्त्री ती वाळू नंतर आतच ठेवायचे आणि दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारायचे. पाइप भरीव झाला की थरथर आतल्या आत जिरते, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरं होतं. पण वाळू कुठली? शेडसमोर एका इमारतीचं काम चाललं होतं, तिथे वाळूचा ढीग पडला होता. मी म्हटलं, घमेलंभर आणतो.

"ती खाडयेची. खारी रेती लोखंडाक आतसून खाता. आमच्या व्हाळाची रेती होयी."

व्हाळ म्हणजे त्यांच्या गावचा ओढा. गाव मालवणच्या पुढे. मेस्त्रींनी भावाला पत्र लिहिलं की पाच शेर धुतलेली बारीक रेती एसटीने धाड. मी दिवस मोजत बसलो. बारा दिवसांनी पिशवी आली. मी स्वतः हजर होतो. मेस्त्रींनी गाठ सोडली, आत हात घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. पिशवीत कुळथाचं पीठ होतं. सोबत चिठ्ठी: दादा, तुझ्या हातून पत्रात रेती असं चुकून पडलं आहे, मुंबईत वाळू कोण मागवील, पीठ वहिनीला दे.

मला हसावं की रडावं ते कळेना. महिना संपायला नऊ दिवस उरले होते. मी तिथेच फुटलो. "मेस्त्री, माझी वाट लागलीय! साहेब मला दारुडा समजतो. तुम्हाला तुमची म्हैस आणि तुमचा व्हाळ! समोर वाळूचा डोंगर आहे यार, भरा ना त्यातली!"

माझ्या आवाजाने रस्त्यावरचे दोघे थांबले. मेस्त्री पिशवी बांधत होते. "भावान काय धाडल्यान बघ," एवढंच म्हणाले, आणि मला घरी जेवायला घेऊन गेले. त्यांच्या बायकोने, काकींनी, त्या पिठाची पिठी केली. इतकी चांगली पिठी मी पुन्हा खाल्ली नाही, पण तेव्हा रागाने मी तसं सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

मेस्त्रींनी दुसऱ्या दिवशी तार केली. तारेत फक्त "रेती म्हणजे रेतीच" असं होतं. महिना संपायच्या आदल्या रविवारी वाळू आली. दिवसभर ते पाइपात चिमूट चिमूट वाळू सोडत होते आणि लाकडी हातोडीने ठोकून कान लावून ऐकत होते. तापवून वाकवलेलं हँडल खरोखर त्या म्हशीच्या शिंगांसारखं बाहेर जाऊन मागे वळलं. निकेल त्यांनी नंतर चढवून दिलं, पण नुसतं घासलेलंसुद्धा ते इतकं देखणं दिसत होतं की फोटोतलं हँडल मी विसरून गेलो. पकडीखाली रबर घालून त्यांनी ते बसवलं. मी आरेत चक्कर मारून आलो. रेघ मारली.

लाटा होत्याच. आधीपेक्षा निम्म्या, पण होत्या.

"ह्या अर्धा हेंडलाचा होता, ता गेला," मेस्त्री शांतपणे म्हणाले. "उरलेला तुझा. तू हेंडल आवळतंस. पयल्या दिवसापासून बघतंय, बोटां पांढरी होतत. कोपर सैल सोड. पोराचो हात धरतत तसो धर, पळान जाणा नाय ता."

"पहिल्या दिवसापासून? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगलंय आसता तर तू ऐकलंस आसता? लोकांका हेंडल बदलूचा आसता, हात बदलूचो नसता."

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. तसाच गाडीवर बसलो, पुन्हा आरेत गेलो. पण कोपर सैल सोडलं. परत आलो, रेघ मारली. ती सरळ होती. मेस्त्रींनी तिच्याखाली तारीख घातली आणि चहा सांगितला. सोमवारी मी लागोपाठ दोन ट्रेसिंग पुरी केली, आणि साहेबांनी दारू सोडल्याबद्दल माझं मनापासून अभिनंदन केलं.

पुढची सात-आठ वर्षं मी अधूनमधून शेडवर जायचो. दरवेळी खडू, दरवेळी रेघ. मी सीनियर झालो, लग्न झालं, तरी त्यांच्या लेखी मी हेंडल आवळणाराच होतो. दशक संपता संपता निरोप आला की शेड जाते आहे, मेस्त्री गावी चाललेत.

मी गेलो तेव्हा सगळे पत्रे उतरवून झाले होते, काळा तेवढा उभा होता. मेस्त्री त्याच्यासमोर स्टुलावर बसले होते. मला बघून त्यांनी खिशातून खडू काढला, पण माझ्या हातात दिला नाही. उठले आणि स्वतः रेघ मारली. तिच्यात लाटाच लाटा होत्या. रेघ संपली तरी त्यांचा हात थांबला नाही. तो किती महिने असा थरथरत होता, कोण जाणे. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि नेहमीसारखी ती रेघ वाचली.

"आता ह्या हातात रेती खंय भरतलंस?" ते म्हणाले.

त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "तू मार."

मी मारली. माझ्याही रेघेत लाटा होत्या. त्यांनी ती पाहिली, आणि माझ्यावर वैतागले. "परत आवळूक लागलंस? की हेंडल ढिला झाला? उद्या गाडी घेवन ये, जावच्या आधी बघतंय."

मी बरं म्हटलं. त्या दिवशी मी बसने आलो होतो.