साबणाची बादली आन् निर्वात पोकळी

हसाल तर खुशाल हसा बावा, पण सांगितल्याबिगर मले राहवत नाही. छत्तीस वर्षं पोरायले विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस मी. पण त्या दिवशी माही अक्कल चरायले गेलती!

माह्याजवळ एक जुनी डिझेल कार आहे. वय माह्या लेकीएवढं. एक दिवस तिनं नवंच नाटक काढलं. चावी काढून खिशात टाकली, तरी इंजिन बंदच होईना! मी अंगणात उभा, आन् गाडी आपली धडधड करून राह्यली.

बायको दारात आली. "अवो, थांबवा ना तिले!"

"थांबत नाही ना ते!"

"रविवारी लेकीकडं पुसदले जायचं आहे. तवापर्यंत नीट झाली तर ठीक, नाही तर सोमवारी भंगारात!"

भंगारात कशी देऊ? लेकीले शाळेत सोडलं ते याच गाडीनं, सासरी पाठवलं तेही याच गाडीनं. कशीबशी गिअर टाकून बंद पाडली आन् गजूले फोन लावला. गजू म्हणजे आमच्या महागावचा मेकॅनिक, माहाच जुना विद्यार्थी.

"सर, व्हॅक्यूमचा पाइप लीक असन. या गाडीचं इंजिन व्हॅक्यूमनंच बंद होते. उद्या येतो."

उद्या कायले? लीक म्हणजे पंक्चरच ना! बादलीत साबण घोळला, गाडी चालू केली आन् एकूणएक पाइपाले फेस चोपडला. आता बुडबुडा आला की पकडला चोर!

दोन तास बसलो. एक बुडबुडा येईन तर शप्पथ!

"गाडीले आंघोळ घालून राह्यले का?" बायकोनं इचारलं.

"तुले नाही समजायचं. लीक नाहीच मुळी. गजूले काय समजते?"

दुसऱ्या दिवशी गजू आला. गाडी चालू करून कान लावला, फुस्स आवाज धरला, चिरलेल्या पाइपाचं टोक कापून परत बसवलं. चावी फिरवली, इंजिन गप्प! पुसद पक्कं झालं. मले तर रडूच येऊन राह्यलतं.

"सर, हा फेस कायचा?"

"लीक पाहून राह्यलतो."

गजूनं ओठ दाबला. "सर, पंक्चरात हवा बाहेर येते. व्हॅक्यूम तर हवा आत ओढते. बुडबुडा येईन कुठून?"

"मोठा शायना झाला रे! कोणं शिकवलं तुले?"

"तुम्हीच ना सर! नववीत, फळ्यापाशी उभं करून. 'या गज्याच्या डोक्यात निर्वात पोकळी आहे, कितीही ठोका, बाहेर काही येणार नाही!' तवापासून ध्यानात आहे."

बायकोनं बादलीकडं पाह्यलं, मंग माह्या टकलाकडं.

"गजूभाऊ, आलेच आहा तर इथंही कान लावून पाहा बरं. फुस्स येते का?"