नणंदेचा निधी

तोंडावर बोलणारी माणसं पुष्कळ असतात, पण समोरच्याच्या तोंडात डोकावल्याशिवाय बोलायलाच सुरुवात न करणारी बाई अख्ख्या भिवंडी तालुक्यात एकच आहे आणि ती माझी सख्खी नणंद आहे. ती कॅन्सरची सर्जन. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तोंडाची, जिभेची, जबड्याची ऑपरेशनं करते. माझ्या लग्नात ती अजून शिकत होती. हार घालून झाले, फोटोसाठी नातेवाइकांची रांग लागली आणि ही स्टेजवर येऊन माझ्या कानाशी लागली. मला वाटलं, आता काहीतरी थट्टा करणार. तर म्हणते कशी, "वहिनी, डावीकडची अक्कलदाढ दुखते का गं? एकाच बाजूनं हसतेयस." दाढ खरोखर दुखत होती. नवऱ्याला ती गोष्ट आठवड्याभरानं कळली, नणंदेला हारातूनसुद्धा दिसली, तेव्हाच मी ओळखलं की या घरात काही लपवून ठेवणं आपल्याला जमायचं नाही.

आमचं गाव दापोड्याच्या अंगाला. सासऱ्यांच्या लहानपणी इथे भातशेती होती आणि खाडीची मासळी. आता जिथं तिथं गोदामं आहेत आणि घराघरात भाडं येतं. अशा गावात हळद ही लग्नापेक्षा मोठी असते. बेंजो वाजत असतो, मटणाची टोपं उकळत असतात, बायका नाचून नाचून घामाघूम झालेल्या असतात, आणि आमची डॉक्टरीणबाई हातात ताट घेऊन जेवणाऱ्यांच्या पंगतीसमोरून सावकाश फिरत असते. लोकांना वाटतं, वाढायला उभी आहे. ती बघत असते कोण कसं खातो ते. भाकरीचा तुकडा फार लहान कोण मोडतो, घास एकाच गालात कोण ढकलतो, रस्सा लागताच डोळे कोण मिटतो. मग ताट खाली ठेवून त्या माणसाच्या मागे जाऊन उभी राहते आणि म्हणते, "दादा, जेवण झालं की जरा आ करा." पूर्वी एकदा शहरातल्या कापडाच्या लूमवरच्या एका कामगारानं तिला सांगितलं होतं, "मॅडम, पहले वडापाव पूरा मुंह में जाता था, अब तोडके खाना पडता है." तेव्हापासून कोणी वडापाव तोडून खाताना दिसला की तिचा स्वतःचा वडापाव तसाच राहतो. आम्ही सगळे अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो होतो, तर आम्ही आंघोळी उरकून, ओल्या केसांनी, गाडीत तासभर ताटकळलो. बाई नारळवाल्याच्या गालात मोबाइलची बॅटरी मारून बसली होती आणि नारळवाल्यामागे आणखी चार माणसं आपापली तोंडं घेऊन उभी राहिली होती.

हे सगळं वेड म्हणून सोडून देता आलं असतं, पण या वेडाला पैसे लागत होते आणि तिथून माझा छळ सुरू झाला. तिच्या मनात एक अभ्यास होता. ती म्हणायची, "माणूस आमच्याकडे येतो तेव्हा अर्धा जबडा काढावा लागतो. तोच आधी आला असता तर नखाएवढ्या तुकड्यावर भागलं असतं. मग आधी का येत नाही? गावातल्या आशा सेविकांना बॅटरी धरून डाग ओळखायला शिकवलं तर येईल का?" प्रश्न एवढासाच. त्याचं उत्तर शोधायला माणसं हवीत, तपासण्या हव्यात, प्रयोगशाळा हवी, म्हणजे निधी हवा. दुसऱ्या बायकांना साड्यांचे सेल कुठे लागलेत ते ठाऊक असतं, तसे हिला निधी ठाऊक. कुठला शास्त्रज्ञांना मिळतो आणि सर्जनला देत नाहीत, कुठला सर्जनला मिळतो पण आधी परदेशात जाऊन या म्हणतात, कुठल्याची मुदत दिवाळीत संपते. उमेदीच्या डॉक्टरांसाठी म्हणून जे जे निघतं ते ते ती भरायची. निधी देणाऱ्यांचं म्हणणं असं की आधी काही संशोधन केलेलं दाखवा, मग संशोधनाला पैसे देऊ. त्यातून ही दिवसभर ऑपरेशन थिएटरात. शास्त्रज्ञ म्हणत, तुम्ही सर्जन, तुम्हाला कशाला हे? सर्जन म्हणत, तू कापायचं काम कर, कागद कशाला काळे करतेस?

प्रत्येक अर्जाला एक सारांश जोडावा लागतो, सामान्य माणसाला समजेल असा. मी शाळेत सातवीला मराठी शिकवते, एवढ्या भांडवलावर तिनं मला सामान्य माणूस नेमून टाकलं. मी पोळ्या लाटत असायची आणि ही ओट्याला टेकून वाचून दाखवायची. 'मुखगुहेतील कर्करोगपूर्व विकृती' वगैरे कानावर आलं की मी लाटणं आपटायची. मग ती ते खोडायची. "वहिनी, तुला समजलं म्हणजे कोणालाही समजेल," असं ती तोंडभर कौतुकानं म्हणायची आणि मला त्यात अपमान कुठे आहे हे शोधायलाही वेळ नसायचा. असे किती सारांश झाले देव जाणे. अर्ज परत येत राहिले. पण तो अभ्यास मला इतका पाठ झाला की वर्गात फळ्यावर समास लिहिता लिहिता मी मुलांना तंबाखूवर बोलायला लागायची.

आणि मग शेवटच्या निधीची वेळ आली. शेवटचा अशासाठी की या सगळ्या योजनांना वयाची अट असते. ती ओलांडली की तुम्ही सरकारदरबारी तरुण राहत नाही, आणि म्हाताऱ्यांच्या रांगेत उभं राहायला हिचा हुद्दा पुरेसा मोठा नव्हता. माझ्या नणंदेचा पुढचा वाढदिवस त्या अटीच्या पलीकडे पडत होता. या वेळी मात्र ती अगदी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. समितीचे दोन जण गावात येऊन प्रत्यक्ष पाहणी करणार, लोकांशी बोलणार, मग तिचं सादरीकरण ऐकणार, असं ठरलं. ती ऑपरेशनांत अडकलेली, म्हणून तिनं फोन करून एवढंच सांगितलं की रविवारी पाहणीला माणसं येतील, देवळाच्या मंडपात गावकरी गोळा करून ठेवा.

हा फोन आमच्या काकांनी घेतला. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. दोन वेळा ग्रामपंचायतीत निवडून आलेले, खादीचा शर्ट, गळ्यात सोन्याची जाड साखळी, आणि ज्या पुतणीला त्यांनी सायकलवर बसवून शाळेत सोडलं तिच्यावर अतोनात जीव. पण तिनं "काका, आ करा" म्हटलं की यांचा नेमका उपास असायचा. आता आमच्या गावाला पाहणी म्हटलं की एकच गोष्ट माहीत: स्वच्छता अभियानाची पाहणी. तिच्या आदल्या दिवशी उकिरडे ताडपत्रीखाली जातात आणि मोकाट कुत्री शेजारच्या गावात. काकांनी त्याच अनुभवानं काम हाती घेतलं. टपरीवरच्या गुटख्याच्या पुड्यांच्या माळा उतरल्या. देवळासमोरच्या पंचायतीच्या जिन्यातल्या पिचकाऱ्यांवर चुना फिरला. घरोघर जाऊन त्यांनी बजावलं, "पोरीचे इज्जतीचा सवाल हाय. कोनी पन इचारला तरी सांगाचा, आपले गावान तंबाखू कोन खात न्हाय." आणि गावानं पोरीसाठी सकाळी उठून दोनदोनदा दात घासले.

नणंद रात्रीची ड्युटी आटोपून थेट मंडपात आली तेव्हा बेंजो वाजत होता. पाहुण्यांना शाल-श्रीफळ देऊन झालं होतं. एक गंभीर गृहस्थ होते आणि आखूड केसांच्या एक बाई. बाई लोकांना एकेक करून विचारत होत्या, तंबाखू, सुपारी, गुटखा काही? "न्हाय बा." "कदीच न्हाय." जन्मभर मशेरीशिवाय परसाकडे न गेलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "मी नुसता मीठ लावतंय दातांना." माझी नणंद एकदा त्यांच्याकडे, एकदा चुना मारलेल्या जिन्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. तिला हसू येत होतं की रडू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी बाई चष्मा काढून अगदी सौजन्यानं म्हणाल्या, "डॉक्टर, गाव फारच आदर्श आहे. पण मग तुमच्या अभ्यासाला रुग्ण मिळणार कुठून?"

काकांना यातलं फक्त 'आदर्श' एवढंच ऐकू गेलं असावं. ते खुशीत पुढे आले, पाहुण्यांना पेढे दिले आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला. टाकला म्हणजे, आधी त्याचे चार बारीक तुकडे केले आणि एकेक तुकडा उजव्या गालात बोटानं सारला. नणंदेचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"काका, आ करा."

"अगो, पाव्हन्यांसमोर?"

"आ करा, काका."

सगळं गाव बघत होतं, पाहुणे बघत होते, आता उपासाची सबब सांगायला तोंडात पेढा होता. काकांनी आ केला. तिची दोन बोटंसुद्धा जेमतेम गेली. तिनं बॅटरी धरली, गाल बाजूला ओढला आणि आत एकाच जागी बोट फिरवत राहिली. बेंजोवाले आपणहून थांबले.

"कधीपासून आहे हे?"

"हाय जरासा. तिखट खाल्ला का झोंबतं."

"मला का नाही दाखवलं?"

काका खाली बघत म्हणाले, "तुला काय दाखवाचा? तू आमची पोर हायेस."

तिनं बॅटरी बंद केली, काकांच्या खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि पाहुण्यांना म्हणाली, "माफ करा, मला यांना घेऊन आत्ताच निघायला हवं." ते गृहस्थ गोंधळले. "पण तुमचं सादरीकरण?" तेव्हा तिनं माझ्याकडे बोट केलं. "वहिनी सांगतील. त्यांना सगळं येतं."

मी नऊवारीत, हातात पेढ्यांचं ताट घेऊन, दोन शास्त्रज्ञांसमोर उभी राहून कॅन्सरवरचं सादरीकरण केलं. सातवीच्या वर्गासारखं केलं. नखाएवढा तुकडा आणि अर्धा जबडा दोन्ही सांगितलं, गाव खोटं का बोललं तेही सांगितलं. सासूबाई मध्येच उठून म्हणाल्या, "मी मशेरी लावतंय. लिवा." मग आणखी दोघी उठल्या. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, छान बोललात म्हणाल्या, आणि निर्णय कळवू असं सांगून दोघं नारळ घेऊन गेले.

तासभर थांबली असतीस तर काय झालं असतं, असं मी तिला नंतर विचारलं. मला तिचा राग आला होता, खरंच आला होता. इतक्या वर्षांच्या पोळ्या माझ्याही त्यात करपल्या होत्या. ती म्हणाली, "तासाभरानं काका गाडीत बसले असते का? चार माणसांत लाजून त्यांनी आ केला. एकदा घरी गेले असते तर पुन्हा उपासच."

कॅन्सरच होता, पण लवकर सापडलेला. आपल्याच माणसावर आपण सुरी धरायची नसते म्हणून तिच्या वरच्या सरांनी ऑपरेशन केलं आणि ती नुसती बाजूला उभी राहिली. काकांचा गालाचा तुकडा गेला. चेहरा किंचित ओढला गेला आणि बोलणं थोडं जड झालं, पण माणूस राहिला. आणि टाके काढायच्या दिवशी, इस्पितळाच्या बाकावर, निधीच्या संस्थेचं उत्तर तिच्या मोबाइलवर आलं. तिनं वाचलं, मला वाचायला दिलं. शुभेच्छा होत्या, निधी नव्हता. तेवढ्यात काका बाहेर आले आणि गालावर हात ठेवून पहिलं काय विचारावं? "मिलाला का गो तुजा निधी?"

समोरच्याच्या तोंडातला डाग कधी कोणापासून न लपवणारी माझी नणंद म्हणाली, "मिळाला, काका."

काकांनी तिथल्या तिथे डोळे पुसले. आठवड्याच्या आत नाक्यावर फ्लेक्स लागला, तिचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून काका. भेटेल त्याला ते गाल दाखवून सांगतात, "पोरीचा काम माजे तोंडामुलं झाला." मी तिला घरात गाठलं. हे खोटं किती दिवस चालणार गं, म्हटलं. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "त्यांना वाटतं, त्यांचा गाल माझ्यासाठी गेला. म्हणून त्यांना तो गेल्याचं काही वाटत नाही. ते त्यांच्याकडून कसं काढून घेऊ, वहिनी?" मी तिला जवळ घेतलं. नणंदेला जवळ घ्यायची आमच्याकडे फारशी रीत नाही, पण घेतलं.

आता दर रविवारी मंडपाबाहेर रांग लागते. सरकारी काम आहे असं समजून लोक येतात, गोदामांतले हमाल येतात, शहरातून लूमची माणसं शिफ्ट सुटल्यावर येतात, आणि सगळे खरं काय ते सांगतात. निधी येईल अशी आशा होती तेव्हा गावाचं तोंड बंद होतं. आता तो येणार नाही तर गाव तोंड उघडून बसलंय. याला संशोधन म्हणता येणार नाही असं तीच म्हणते. तपासण्या नाहीत, प्रयोगशाळा नाही, ज्याला डाग दिसेल त्याला ती स्वतः मुंबईला घेऊन जाते. मधे तिचा वाढदिवस येऊन गेला. आम्ही केक आणला, तिनं तो सगळ्यांच्या तोंडात घातला आणि वय कोणी विचारलं नाही.

गेल्या रविवारी दुपारी काका मंडपात आले, रांगेकडे समाधानानं बघितलं आणि त्या जड झालेल्या बोलण्यात म्हणाले, "त्या निधीवाल्यांची मशिना कदी येवाची गो? जागा करून ठेवतंय मी." ती एका म्हातारीच्या गालात वाकून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "येतील, काका." इतक्या सहज म्हणाली की क्षणभर मीसुद्धा मंडपात कुठे जागा होईल ते बघायला लागले.