बोटीवरची येळवस

येडशीच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा अण्णांनी खिडकीच्या गजातून हात घालून माझा खांदा दाबला. वडील आता रडतील असं वाटलं. ते म्हणाले, "दिवाळीला न्हाय आलास तरी चालतंय. येळवशीला मातर ये." तेव्हा मी पुण्याला निघालो होतो. पुण्याहून येत राहिलो. मग सिंगापूर आलं, आणि येळवस व्हिडिओ कॉलवर गेली.

गावाकडच्यांना सांगायला नको, पण बाहेर वाढलेल्या आपल्या पोरांसाठी सांगतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी धाराशिवात दुकानं बंद, गावं ओस आणि सगळी माणसं आपापल्या रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, तिच्यात पांडवांची पूजा, शेंगा-पालेभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात ताकातली आंबील. पूजा झाली की घरचा कर्ता पिकावर आंबील शिंपडत फेरी घालतो आणि हाक देतो, "ओलगे ओलगे!" मागचे ओरडतात, "सालम पलगे!" अर्थ मला विचारू नका, कानडीतून आलंय म्हणतात. फेरी पुरी झाल्याशिवाय आमच्यात कुणी घास तोंडात घालत नाही.

यंदा अण्णांचे पाय थकले. फोनवर म्हणाले, "औंदा हाक तू दे. थोरला हायेस. संजू फोन घिऊन फिरंल, म्या मागून म्हनतो." संजू माझा धाकटा भाऊ. रान तोच कसतो. मी हो म्हणालो आणि मग कॅलेंडर पाहिलं. नेमके त्याच दिवशी आम्ही क्रूझवर असणार होतो. बुकिंग मीच केलेलं. येळवस विसरणारा धाराशिवचा पहिला माणूस मीच असेन.

बायको म्हणाली, "लोकांची नेटवर्कं दुरुस्त करून तर पोट भरता. मग स्वतःचं जमवा की." बोटीवर मी सगळ्यात वरचं इंटरनेट पॅकेज घेतलं. सकाळी संजूला कॉल लावून पाहिला, तर हरभऱ्याचं फूल न् फूल दिसत होतं.

आमचे अडीच वाजले, तिकडचे बारा. मी डेकवर, पोहण्याच्या तलावाशेजारी, हाफ पँटवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून उभा. पडद्यावर कोपीपुढं बाजेवर बसलेले अण्णा. मी हाक दिली. अण्णांनी तोंड उघडलं. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही. दुसरी दिली, तिसरी दिली. तोंड उघडंच. मला वाटलं, म्हातारा आज जोरात आहे. मागच्यांना म्हणायला मधे मधे थांबत मी तलावाला अख्खी फेरी घातली. खुर्चीतल्या एका आजींनी टाळ्याही वाजवल्या. शेवटी माझी पोरगी चिनू धावत आली. "बाबा, फ्रीझ झालेत आजोबा. कधीचेच."

दुपारी सगळी बोट आपापले फोटो धाडत होती. मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो, आणि पडद्यावर ते चक्र गरगरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बोट बंदराला लागली, तेव्हा संजूच्या बायकोनं केलेलं रेकॉर्डिंग आलं. त्यात आधी नुसती वाट बघणं आहे. अण्णा म्हणतात, "आरं, ह्याचा आवाजच येईना. अजून एकडाव लाव." मग पुन्हा, "अजून एकडाव." पोरांचे डोळे भज्जीच्या पातेल्यावर. मग अण्णा म्हणतात, "लेकरं उपाशी हायती. संजू, तू दे हाक."

"अण्णा, दादा हाय की."

"हाय. पर हितं तू हायेस."

संजूचा आवाज पहिल्या हाकेला फाटला. लांबच्या बांधावर पोचेपर्यंत तो असा लागला, की मोबाइलचा स्पीकर थरथरला. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. इतकी वर्षं रान त्यानं कसलं. थोरला म्हणून हाक तेवढी माझ्या नावानं राखून ठेवलेली, आणि मीही ती राखू दिली.

मी फोन लावला. तोच आधी बोलला. "दादा, तुमची हाक म्या दिली. राग मानू नका."

"तुझीच आहे रे ती. पुढच्या साली पण तूच दे."

तो म्हणाला, "बरं. मग तुमी मागून म्हना."

बोट सुटायला अवकाश होता. केबिनमध्ये पलंगावर बसून मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. घर कुठंय, असं चिनू कधी विचारायची, तेव्हा मी नकाशावर बोट ठेवायचो. आज तिला म्हटलं, बस इथं, ऐक. संजूची हाक आली. मी हळूच म्हणालो, "सालम पलगे," शेजारच्या केबिनमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून. तिसऱ्या हाकेला चिनूही म्हणाली, माझ्याहून मोठ्यानं.