रविवारची जेंगे

उल्जान पडदे शिवते. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक लांबोळकं दुकान आहे, तिथे खिडकीशी तिचं मशीन. दुकानातल्या बायकांना तिचं एक नवल वाटतं. चहात साखरेचा कणसुद्धा न घालणारी ही बाई अल्माटीतल्या साऱ्या चमत्कारिक कॅफेंचे पत्ते तोंडपाठ सांगते. खुर्च्यांच्या जागी झोपाळे टांगलेला कॅफे कुठे आहे, मांजरं मांडीवर येऊन बसतात तो कुठे, जुन्या ट्रॉलीबसच्या पोटात आइसक्रीम विकतात ते कुठे, आणि भिंती-टेबलं-कपबश्या साऱ्या काळ्या शाईने कागदावर काढल्यासारख्या दिसतात तो कुठे. एखाद्या मैत्रिणीची पुतणी परगावाहून आली की तिला कुठे न्यायचं, हे उल्जानला विचारतात. ती तोंडात टाचण्या धरून सांगते, वर डोंगराकडे जा, शाळेच्या कोपऱ्यावर खाली उतर, निळं दार आहे.

हे सगळं ती एका मुलीपायी शिकली.

लग्न झालं तेव्हा उल्जान विशीची होती. पहिली मुलगी झाली. तिला चाळिसाव्या दिवशी चमच्या-चमच्याने पाणी घालून न्हाऊ घातलं, बायकांनी आशीर्वाद दिले, आणि ओलं बाळ दुपट्यात गुंडाळता गुंडाळता सासू म्हणाली, "ही माझी हं." बायका हसल्या. कुणी म्हणालं, "लावा काळजाला, तुमचाच हक्क." पहिलं नातवंड म्हाताऱ्यांनी काळजाला लावायचं, म्हणजे आपलंच मूल म्हणून वाढवायचं, ही रीत घरोघरची. त्यात सुनेला विचारायचं नसतं, आणि विचारलंही नाही. उल्जानने आणखी थोडे दिवस पाजलं, मग छाती कापडाने घट्ट बांधली आणि नवऱ्याबरोबर, दौरेनबरोबर, शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या घरात राहायला गेली.

मुलीचं नाव इंजू. ती आजीला आपा म्हणू लागली, आई म्हणावं तसं. मग नात्यांचं गणित आपोआप सुटलं. आपाची मुलगी म्हणजे दौरेनची बहीण, आणि दौरेनची बायको तिची वहिनी. इंजू उल्जानला जेंगे म्हणायला शिकली. जेंगे म्हणजे वहिनीच. आपाशी ती "अगं, तू" असं भांडायची. जेंगेला मात्र "तुम्ही".

पुढे उल्जानला दोन मुलगे झाले. ते तिच्यापाशीच राहिले, तिला आई म्हणत मोठे झाले. पण इंजूला भेटायचं कुठे, हा प्रश्न होताच. घरी आणली तर नात्यातल्या बायका कुजबुजणार, सून पोर परत ओढतेय. आणि ओढलेलं पोर म्हाताऱ्यांचं आयुष्य तोडतं म्हणतात. आपाकडे गेलं तर मुलगी आपाच्या मांडीवर, आणि सुनेने उठून चहा ओतायचा. उरलं शहर. एका रविवारी आपाच म्हणाली, "ने गं तिला, आइसक्रीम खाऊ घाल. माझे गुडघे चालत नाहीत." तेवढ्या एका वाक्यावर उल्जानने सतरा-अठरा वर्षं काढली.

साध्या दुकानात नेऊन चालणार नव्हतं. पोर कंटाळली आणि पुढच्या रविवारी "मी नाही येत" म्हणाली, तर? ही धास्ती उल्जानला आठवडाभर असे. म्हणून ती नवनव्या जागा शोधी. गिऱ्हाइकांना विचारी, बसमध्ये तरुण पोरापोरींचं बोलणं कान देऊन ऐके. इंजूला झोपाळ्यावर बसून मधाचा केक खायला आवडला, तर पुढच्या खेपेला त्याहून काहीतरी अजब हवं. उलट्या छत्र्यांचं छत, घोडीच्या दुधाचं आइसक्रीम, कुर्ताच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, खारट गोळ्या पेरलेलं चॉकलेट. इंजू खायची आणि उल्जान बघायची. तिच्यापुढची कॉफी तशीच गार होई.

"तुम्ही का नाही खात?" इंजू विचारी.

"तुझं उरलं की खाईन."

"उरतच नाही."

"मग पुढच्या वेळी."

मांजरांच्या कॅफेत एकदा वाढणारी मुलगी कौतुकाने म्हणाली, "लेक अगदी तुमच्यावर गेलीय. हनुवटी तर छापच."

इंजू तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. तिने चमचा खाली ठेवून नीट समजावलं, "या आई नाहीत. या माझ्या जेंगे आहेत. आई घरी आहे, तिचे गुडघे दुखतात."

"हो का? चुकलं माझं," मुलगी हसत म्हणाली.

"चुकतं कधी कधी," उल्जान म्हणाली, आणि तिने इंजूच्या हनुवटीवरची साय पुसली.

खरं काय ते इंजूला चौदाव्या वर्षी कळलं. मावसबहिणीने भांडणात तोंडावर फेकलं. त्यानंतरच्या रविवारी इंजू आली, पण गप्प होती. ट्रॉलीबसच्या कॅफेत दोघी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. बरंच आइसक्रीम वितळल्यावर तिने विचारलं, "मला दिलंत तेव्हा तुम्ही रडला होतात?"

उल्जानने तोंड उघडलं आणि तिच्यातली सून आधी बोलली. काळजाला लावलेल्या पोरासाठी रडणं म्हणजे त्याच्या आयुष्यात अश्रू मिसळणं, असं तिला तिच्या आईने शिकवलं होतं. आणि आपा तर जिवंत, घरी वाट बघणारी.

"आपल्यात रडत नाहीत त्यासाठी," ती म्हणाली. "चांगलं नसतं."

इंजूने मान हलवली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. रविवार मात्र चुकला नाही, आणि उल्जानला वाटलं, बरं झालं, निभावलं.

आपा गेल्या वर्षी पानगळीत गेली. सासरे आधीच गेले होते. वर्षाचं जेवण घातलं, घोडा कापला, गाव लोटला. इंजू आता बावीस वर्षांची, बालवाडीत शिकवते. तैमास नावाच्या मुलाशी तिचं ठरलं, आणि त्याची आई कानातले घालायला येणार असा निरोप आला. मुलीच्या कानात मुलाच्या आईने कुड्या घातल्या की मुलगी त्या घरची झाली. त्याच वेळी मुलीच्या आईला दुधाचा मान देतात. लेकीला जे दूध पाजलं त्याबद्दल तिच्या खांद्यांवर कोट घालतात, चार बायकांसमोर.

दुकानात लूदा कापड बेतते. तिला हे कळल्यावर ती कात्री थांबवून म्हणाली, "मग आता कोट तुला."

"गप गं."

"का? दूध काय शेजारणीने पाजलं? चांगला फरचा माग. नाहीतर आणतील तो पातळ, चिनी बाजारातला."

"मला फर नको."

"तुला नको तर मला दे. माझ्या पोराच्या सासूने मला साधा रुमाल दिला नाही."

उल्जान हसली. पण त्या आठवड्यात तिने एक टाका दोनदा उसवला. घरी दौरेनला विचारलं, "आईच्या जागी कोण बसणार?" तो म्हणाला, "बायकांचं बायकांनी बघा," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तिने कपाटातून निळा ड्रेस काढला, बाहीची शिवण उलगडून थोडी सैल केली. एकदाच. सारा जन्म नको, एक दुपार. लोकांसमोर कुणी तरी म्हणावं, ही हिची आई. एवढंच तिला हवं होतं, आणि इतकी वर्षं काहीच न मागितल्यामुळे ते मागावं कसं हेच तिला ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी जागा इंजूने निवडली. वर, डोंगराच्या बाजूला, नव्या इमारतीत एक कॅफे निघाला होता. तिथे एकही गोड पदार्थ स्वतःसारखा दिसत नसे. आपोर्त जातीचं लालबुंद सफरचंद मागवलं की चमच्याने टक्क वाजे आणि आतून मूस निघे. नदीतला गोटा होता, जुनी चप्पल होती. उल्जानसमोर आली ती कपडे धुण्याच्या साबणाची तपकिरी वडी, वर आकडेसुद्धा कोरलेले.

"खा जेंगे, फेस येत नाही," इंजू म्हणाली.

उल्जानने कोपरा तोडला. आत दुधाची गोडी होती. खिडकीबाहेर डोंगरांवर ताजं बर्फ होतं, खाली शहरावर धुराची करडी साय.

"बिबीश आपा गुरुवारी येतेय," इंजू सफरचंदाचं देठ फिरवत म्हणाली. बिबीश ही आपाची धाकटी बहीण, ताल्दीकोर्गानला राहणारी. "तिला सांगितलंय मी, आपाच्या जागी तू बस."

उल्जानने चमचा बशीच्या कडेला टेकवला. "आणि मी?"

"तुम्ही माझ्याबरोबर. जेंगेशिवाय मुलगी बाहेर कशी येणार? मला हाताला धरून तुम्हीच आणायचं. बोलायचंही तुम्हीच, ती बिबीश आपा तर भलतंच काही बोलेल."

"आणि दुधाचा मान?"

"तो बिबीश आपा घेईल, मग आपाच्या नावाने कुणाला तरी देऊन टाकू. गरजू बाईला."

उल्जानने साबणाच्या वडीवरचा एक आकडा नखाने खरवडला. मग म्हणाली, "दूध मी पाजलं होतं."

असं वाक्य तिने आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. बोलल्यावर ते फार लहान वाटलं.

"मला माहीत आहे," इंजू म्हणाली.

"तुला आपाने सांगितलं?"

"आपा कशाला सांगेल? मावसबहिणीने सगळंच सांगितलं होतं. मी तुम्हाला विचारलं होतं ना. ट्रॉलीबसमध्ये. रडलात का, म्हणून. तुम्ही म्हणालात, आपल्यात रडत नाहीत." तिने मान वर केली. डोळे कोरडे होते, पण ओठ घट्ट मिटलेले. "आपा मी सहलीला गेले तरी रडायची. बस सुटेपर्यंत फाटकाशी उभी राहून. मी ठरवून टाकलं मग. जिला रडू आलं नाही तिला आई म्हणून कानकोंडं कशाला करायचं."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी चप्पल कापली आणि सगळे हसले.

"रडले होते," उल्जान म्हणाली. "न्हाणीत नळ सोडून. छाती बांधलेली होती तरी दूध यायचं, कापड भिजायचं. ते कापड धुताना रडायचे. तुझ्या आयुष्याला लागू नये म्हणून तुझ्यापुढे बोलले नाही."

इंजूने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलले, आवाज मात्र आला नाही. उल्जानचा हात टेबलावरून निम्म्यापर्यंत गेला आणि बश्यांमध्ये थांबला. डोळे पुसायचे ते कोण म्हणून, हे हात आईचे की वहिनीचे, ते तिला ऐन वेळी ठरवता येईना.

"हे तेव्हा सांगायचं होतं," इंजू म्हणाली.

"हो."

"मी वाट बघितली होती. तुम्ही पुढच्या रविवारी सांगाल, त्याच्या पुढच्या. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणायचात, हे खा, ते खा." तिने नाक पुसलं. "आता मी काय करू? तिला जाऊन जेमतेम वर्ष झालं, तोच तिची जागा काढून घेऊ? ती म्हणेल, बघा, काळजाला लावलेली निघालीच शेवटी परकी."

उल्जानपाशी याला उत्तर होतं. आपा गेली, ती काही म्हणणार नाही, मी आहे. पण ते उत्तर तिने मनात उच्चारून पाहिलं आणि तिलाच त्याची लाज वाटली. आपाने पोर हिरावली होती खरी. पण फाटकाशी उभीही राहिली होती.

"बिबीश आपालाच बसव," ती म्हणाली. "बरोबर आहे तुझं."

"तुम्ही रागावलात?"

"नाही गं."

"खरं सांगा. या वेळी तरी."

"दुखलं," उल्जान म्हणाली. "राग नाही."

इंजूने सफरचंद अर्धं तिच्या बशीत ठेवलं. दोघींनी ते खाल्लं नाही.

कानातले घालायला पाहुण्या आल्या तेव्हा आपाच्या घरात माणसं मावत नव्हती. बिबीश आपा मधल्या गादीवर, पांढरा रुमाल बांधून, घामाघूम होऊन बसली होती. उल्जान निळ्या ड्रेसमध्ये आतल्या खोलीत इंजूचे केस नीट करत होती. बाहेर गलका वाढला तशी इंजूने तिचं मनगट धरलं.

"चल," उल्जान म्हणाली.

"जेंगे."

"काय?"

"काही नाही. चला."

तिने मुलीला हाताला धरून बाहेर आणलं. तैमासची आई जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई होती. तिने इंजूच्या कानात कुड्या घातल्या, कपाळाचं चुंबन घेतलं, बायकांनी चॉकलेटं-साखर उधळली. मग तिच्या सुनेने घडी घातलेला कोट पुढे केला, गडद, मऊ कॉलरचा. तैमासच्या आईने तो हातावर घेतला आणि खोलीभर पाहिलं. एवढ्या बायका, साऱ्या अनोळखी. तिची नजर इंजूवरून तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईवर आली, हनुवटीपाशी घुटमळली, आणि कोट धरलेले हात किंचित तिच्या दिशेला वळले.

"मुलीची आई कोण यांच्यातली?" तिने विचारलं.

बोलायचं जेंगेनेच असतं. खोली गप्प झाली. बिबीश आपा खाली बघत होती. इंजूचा हात उल्जानच्या हातात होता, आणि तो सुटला नाही, पण काही म्हणालाही नाही.

उल्जानने मोकळा हात पुढे केला, तळवा वर ठेवून, मानाच्या माणसाकडे दाखवतात तसा.

"त्या," ती म्हणाली. "त्यांच्या खांद्यांवर घाला."

आवाज स्पष्ट आला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कोट बिबीश आपाला तोकडा झाला, त्यावर बायकांत हशा पिकला आणि घर पुन्हा बोलू लागलं. कुणीतरी आतून हाक दिली, पाणी उकळलंय, सूनबाई कुठेय. उल्जानने इंजूचा हात तैमासच्या आईच्या हातात दिला आणि ती चहा ओतायला गेली.