लाकडी पेटीतल्या शिवराया

निवृत्तीनंतर चोऱ्या, मारामाऱ्या, खूनसुद्धा हळूहळू डोक्यातून गेले. जे. पी. नगरमधली एक साधी फिर्याद मात्र जात नाही. तिच्यात रक्त नव्हतं, दरोडा नव्हता. तरी त्या घरातून मी जितका हताश होऊन बाहेर पडलो, तितका कुठल्याही मोठ्या गुन्ह्यानंतर झालो नाही. नावं लिहीत नाही. ती माणसं अजून आहेत.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आदल्या आठवड्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ ठाण्यात आले. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे बोलण्यात कन्नड मिसळलेली. त्यांनी टेबलावर कप्प्यांची लाकडी पेटी उघडली. आत तांब्याच्या शिवराया होत्या, मराठेशाहीतली जुनी नाणी.

"साहेब, बदलल्या बघा कोणीतरी. माझ्या काळ्या होत्या. ह्या खोट्या."

नाणी खरोखरच काल पाडल्यासारखी चकाकत होती. मग त्यांनी मला झिजलेल्या नाण्यांची प्रतवारी समजावली. सगळी अक्षरं वाचता आली तर पहिली प्रत, अर्धी लागली तर दुसरी, नुसतं काहीतरी बोटाला जाणवलं तर तिसरी. त्यांच्या पेटीत बहुतेक तिसरीच होती. बाजारात त्यांना कोणी विचारलं नसतं. पण दर रविवारी ते आणि त्यांचा शाळेपासूनचा मित्र भिंग घेऊन बसत आणि एकेका नाण्याच्या प्रतीवरून कडाकडा भांडत. बायको दोघांना कॉफी देई आणि आपला पेला घेऊन शेजारी बसे. ह्यापलीकडे त्या घरात करमणूक नव्हती.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

बराच वेळ ते पेटीचं झाकण पुसत राहिले. मग त्यांनी मित्राचंच नाव घेतलं.

एफआयआर नोंदवून पेटी मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली. पहिली खबर इमारतीच्या वॉचमनने दिली. फिर्यादी बँकेत गेले असताना हा मित्र जड पिशवी घेऊन आला होता आणि जाताना गडबडीत निघाला होता. घरी अक्का, म्हणजे फिर्यादींची बायको, एकट्याच होत्या. धागा सरळ दिसत होता.

मित्राला बोलावून बाकावर बसवून ठेवलं. ठाण्याचा बाक हीच अर्धी चौकशी असते. निर्दोष माणूस तिथे चिडतो, दोषी पाणी मागतो. ह्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. का गेला होतात? "सहज." पिशवीत काय होतं? "असंच काहीबाही." जबाब लिहिणारा रायटर कागद पुढ्यात घेऊन माझ्याकडे बघत होता. खाई त्याला खवखवे, असं मीही मनाशी म्हटलं.

शेवटी पेटीतलं एक नाणं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, काठावरून नख फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही तीच आहे, साहेब. ह्या चिरेवरून आम्ही किती भांडलोय. ही खोटी नाही, धुतलेली आहे."

जुनं नाणं धुवायचं नाही, हा संग्राहकांचा पहिला नियम. झिजलेली अक्षरं दिसतात ती खाचेत बसलेल्या काळपट थरामुळेच. तो गेला की उरते तांब्याची चकती, आणि तिला कोणतीच प्रत नसते.

"कोणी धुतली?"

त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि हळूच म्हणाले, "माझं नाव लिहा, साहेब. बिट्टुबिडी, सोडून द्या आता."

"कोणाला वाचवताय?"

तेव्हा त्यांचा बांध फुटला. "पिशवीत चिंच होती. गावच्या झाडाची. दर उगादीला अक्कांना नेऊन देतो. त्या दिवशी दार उघडून अक्का माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांचा भाऊ वाटलो त्यांना. तो वारून किती वर्षं झाली! माझ्या मित्राला अजून ठाऊक नाही की अक्कांचं असं होतंय. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मी तडक फिर्यादींच्या घरी गेलो. अक्का स्वयंपाकघरात चिंचेच्या कोळाने तांब्याचा कलश घासत होत्या. कलश केव्हाच लख्ख झाला होता, हात थांबत नव्हता.

"या अण्णा," त्या मला म्हणाल्या. "सण आला, तांबं घासायला नको? ह्यांच्या पेटीतली किती काळी पडली होती! एकेक घासून ठेवली मी."

केवढ्या कौतुकाने सांगत होत्या. दारात नवरा उभा होता. तो हादरेल असं मला वाटलं होतं. तो खाली बसला.

"पेटी उघडली तेव्हाच चिंचेचा वास आला होता, साहेब."

"मग फिर्याद कशाला दिलीत? मित्राचं नाव का घेतलंत?"

"चोर सापडला असता तर बरं झालं असतं हो. चोर असता तर हिला काही झालेलं नसतं."

मला भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. गुन्हा घडलाच नाही असा बी रिपोर्ट कोर्टात पाठवला, रीतसर पेटी परत केली. ते मित्राच्या दारी माफी मागायला निघाले तेव्हा मलाही बरोबर नेलं. मित्राने फाटक उघडलं नाही.

"सरी, ठीक आहे, राग नाही तुझ्यावर," तो आतूनच म्हणाला. "पण तू मला चोर म्हणालास, तेव्हा मी चोर नाही हे तुला माहीत होतं. आता पाय वळत नाही तुझ्या घराकडे."

छडा लागला की कोणाला तरी काहीतरी परत मिळतं, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. वस्तू मिळते, नाहीतर गेलेली अब्रू. ह्या केसमध्ये सत्य तेवढं हाती आलं आणि त्याचं कोणालाच काही करता आलं नाही. माणूस खोटी फिर्याद नेहमी लोभाने देतो असं नाही, कधी घाबरून देतो, एवढं मात्र शिकलो.

मी जवळच राहतो, अधूनमधून रविवारी जातो. पेटी कपाटावर बंद असते. अक्का आता नवऱ्यालाही कधी ओळखतात, कधी नाही. रविवार मात्र त्यांना कळतो. त्या तीन पेल्यांत कॉफी ओततात आणि विचारतात, "ते आले नाहीत अजून?"

"येईल, स्वल्प थांब," नवरा म्हणतो.

कॉफी निवते. अक्का तिसरा पेला मोरीत ओततात, घासून लख्ख करतात आणि पुन्हा तिघांची कॉफी ठेवतात.