डोंगर न चढलेला निरोप

मंडळी, आमच्या दिग्गी गावात रेंज फक्त वरच्या कातळावर. म्हणून गुरं घेऊन वर जाणारा शेजाऱ्यांचे मोबाईलही पिशवीतून नेतो.

आज माझी पाळी. शेजारच्या काकूंनी बेळगावात बाळंत झालेल्या लेकीसाठी व्हॉइस मेसेज बोलून ठेवला. स्क्रीनवर लगेच लाल अक्षरं उमटली.

"काकू, एरर आलाय. मेसेज गेला न्हाई."

"न्हाई कसा? आजून डोंगर चढला न्हाई, आसं म्हण की!"

कातळावर धुकं होतं. पिशवीतले मोबाईल एकेक करत किणकिणले. काकूंचा निरोप गेला, लेकीचा आलासुद्धा.

तो न ऐकता मी आता खाली उतरतोय. पिशवीत बाळाचं रडणंही असेल.

प्रोग्रामर दोस्तांनो, अजून वाटेत असलेल्या निरोपाला आपण एरर का म्हणतो?